उजवा खांदा पाऊण इंच खाली

दारातून आत आलेला माणूस काउंटरपर्यंत पोचायला सहा पावलं टाकतो. तेवढ्यात त्याचे दोन्ही खांदे, पाठ आणि पोट मला पाठ झालेलं असतं. टेप मी नंतर लावतो, तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. एकोणचाळीस वर्षं कोट कापतोय. शहरात माझ्यासारखा कोट कापणारा दुसरा नाही, असं मी म्हणत नाही. बाकीचे कटर म्हणतात, आणि दातओठ खात म्हणतात, म्हणून ते खरं मानायचं.

सरळ माणूस मी आजवर पाहिलेला नाही. दोन्ही खांदे सारखे असलेला माणूस फक्त दुकानाच्या काचेत उभा असतो आणि त्याला डोकं नसतं. बाकी सगळे कुठे ना कुठे कललेले. रोज जड बॅग उचलणारा एका बाजूला, फोन मानेत धरून बोलणारा दुसऱ्या बाजूला. आमचं काम ते झाकायचं. उतरलेल्या खांद्यात जरा जाड पॅड, बाक आलेल्या पाठीला जरा जास्त कापड. आणि आमच्या कामाचा पहिला नियम असा की गिऱ्हाइकाला त्याचा दोष सांगायचा नाही. मापवहीत गुपचूप लिहायचं, 'उ. खां. अर्धा खाली', आणि तोंडानं म्हणायचं, "वा साहेब, काय बांधा आहे!" ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्यांनी हा नियम घालून दिला. मी तो कधी मोडला नाही.

दुसरा नियम माझा स्वतःचा. कोट टेबलावर खोटं बोलतो, अंगावर खरं. टेपनं कितीही सांगितलं तरी अंगात घालून आरशासमोर उभं राहिल्याशिवाय मी कोटावर विश्वास ठेवत नाही.

आता दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बघणाऱ्या माणसाच्या मुसळाची गोष्ट. माझा उजवा खांदा पाऊण इंच खाली होता. किलोभर वजनाची कातर रोज आठ-नऊ तास धरून टेबलावर ओणवं व्हायचं, तर खांदा काय वर जाणार? पण हे मी शोधलं नाही, माझ्या मुलीनं शोधलं. तिला घरात आणि दुकानात सगळे सुई म्हणतात, कारण लहानपणापासून बारीक, ताठ आणि टोचणारी. बारा वर्षांची असताना मी तिला माप घ्यायला शिकवत होतो. पहिलं गिऱ्हाईक मीच. तिनं टेप लावला, पुन्हा लावला, आणि नव्या मापवहीच्या पहिल्या पानावर गोल गोल अक्षरांत लिहिलं, 'बाबा. उजवा खांदा पाऊण इंच खाली.' पाऊण या शब्दाखाली दोन रेघा. दुकानात हशा पिकला. तेव्हापासून माझं माप पुन्हा कुणी घेतलं नाही. शिंप्याचं माप घ्यायला कोण येणार?

मात्र त्या पाऊण इंचाचा आम्हाला उपयोग झाला. मोठं काम आलं, म्हणजे एकाच नमुन्याचे वीस-पंचवीस कोट, की पहिला नमुना माझ्या अंगावर बघायचा, कारण माझं माप मधलं. दोन्ही खांदे बरोबर कापलेला कोट मी घातला की उजव्या खांद्याखाली, छातीवर, एक तिरकी घडी पडायची. टोकाला जराशी वळलेली. आमचा काजवाला तिला मास्तरांची मिशी म्हणतो. गेली तीस वर्षं तो काजं करतोय, म्हणजे कोटांना बटणांची घरं, आणि तोंडाला त्याच्या एकही बटण नाही. मिशी दिसली की कोट बरोबर, हे दुकानातलं शास्त्र. मिशी दिसली की तो ओरडायचा, "आली!" आणि सगळे कामाला लागायचे.

सुईनं कातर हातात घ्यावी असं मला वाटत होतं. हात होता तिचा. दोन वर्षं टेबलाशी उभी राहिली, मग एक दिवस म्हणाली, "बाबा, मला पिलाटेस शिकायचंय."

"ते काय असतं?"

"व्यायाम. शरीर नीट वापरायचं शिक्षण."

मला वाटलं, नव्याचे नऊ दिवस. पण ती दोन वर्षं दुसऱ्या शहरात राहून शिकून आली, परीक्षा देऊन आली, आणि दुकानावरची खोली मागितली, जिथे मी कापडाचे तागे ठेवायचो. मी डोक्यात राख घालून घेतली. "इतकं चांगलं हातातलं काम सोडून तू लोकांना जमिनीवर लोळायला शिकवणार?"

"हो," ती म्हणाली. "व्यवस्थित लोळायला."

आमच्या घरात मी बोलतो खूप आणि निर्णय हिचे होतात, म्हणजे सुईच्या आईचे. तागे खाली आले, चटया वर गेल्या. ही म्हणाली, "एका घरात कातरही हवी आणि सुईही. एकटी कातर काय कामाची?" मी चहा मागितला.

वर्ग सुरू झाला. मला वाटलं होतं, छत हादरेल, उड्या ऐकू येतील. तर काहीच नाही! तासभर नुसता श्वास आणि मधूनमधून सुईचा आवाज, "सोडा... हळू... पोट आत, मान सैल..." आवाज नसलेल्या व्यायामावर माझा विश्वास बसेना. येणारी माणसं तरी कशी? एक टॅक्सीवाला, एक दाताच्या डॉक्टरीण बाई, काठी टेकत येणाऱ्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, तीन महिन्यांचं बाळ घेऊन येणारी एक आई, आणि बेकरीतला एक आडदांड गडी. यांच्यात पहिलवान कुणी नाही, तरुण म्हणावं असंही फारसं कुणी नाही. गिऱ्हाइकं विचारायची, "मास्तर, वर काय आहे?" मी म्हणायचो, "माल ठेवतो." सुईनं एकदा हे जिन्यावरून ऐकलं. तशीच वर निघून गेली. ते मला जास्त टोचलं.

मग ती सकाळ आली. कुणाच्या तरी लग्नाचा कोट होता, गर्द निळं कापड, हात लावला तर पाण्यासारखं सरकणारं. पाठीचा लांब काप घेत होतो. कमरेतून एक कळ उठली, खांद्यातून हातात उतरली, आणि बोटं माझी राहिली नाहीत. कातर खडूच्या रेघेबाहेर दोन बोटं गेली. एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा. काजवाल्यानं पाहिलं. त्याच्या बिनबटणाच्या तोंडातून अवाक्षर आलं नाही, त्यावरून मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

डॉक्टरांनी फोटो काढले. कमरेच्या मणक्यांची झीज, एक शीर दाबली जातेय. "महिनाभर टेबल बंद. पुढचं नंतर बघू. आणि मास्तर, नुसतं पडून राहून हे जाणार नाही. जाणत्या माणसाकडून व्यायाम शिका."

"आणि नाही गेलं तर?"

"तर काउंटरवर बसा. वय झालंय की आता."

वय झालंय! पाच महिन्यांनी शहराच्या वाद्यवृंदाचे चोवीस कोट यायचे होते. दर सहा वर्षांनी येतात आणि आजवर ते माझ्याच हातानं कापलेत. वादकांचे कोट ही साधी गोष्ट नाही. व्हायोलिनवाल्याचा हात वर गेला तरी कॉलर जागची हलता कामा नये, ढोलवाल्याची पाठ उसवता कामा नये. मी उभा राहू शकलो नाही तर दुसरा कटर आणावा लागणार. आणि एकदा दुसऱ्याचा हात त्या टेबलावर पडला, की माझी जागा खुर्चीत, येणाऱ्याला 'या, बसा' म्हणायला. मी कातर ठेवीन, पण माझ्या मनानं ठेवीन, कमरेच्या सांगण्यावरून नाही, असं मी हिला म्हणालो. ही म्हणाली, "मग वर जा."

"कुठे वर?"

"देवाघरी नाही, जिना चढून."

गेलो. वर्ग सुटल्यावर गेलो, कुणी बघू नये म्हणून. सुई चटया पुसत होती. तिनं 'आलात का शेवटी' असं म्हटलं असतं तर मी तिथूनच परत फिरलो असतो. ती एवढंच म्हणाली, "बूट काढा, बाबा. मी डॉक्टरांशी बोललेय. तुम्हाला कमरेतून वाकायचे प्रकार इतक्यात द्यायचे नाहीत. पाठीवर झोपा, गुडघे वर."

झोपलो. छताचा एक पोपडा सुटलेला दिसला. "आता काय करू?"

"श्वास घ्या."

"एवढ्यासाठी दोन वर्षं शिकलीस?"

"घेऊन तर दाखवा."

मी छाती फुगवली. तिनं माझ्या बरगड्यांच्या दोन्ही बाजूंना तळवे ठेवले. "इथे येऊ दे. बाजूंना, पाठीत. खांदे नका उचलू." आला नाही. पाच वेळा केलं, पाच वेळा खांदे कानांपाशी. बासष्टाव्या वर्षी कळलं की मला श्वाससुद्धा घेता येत नाही.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही कापताना श्वास धरून ठेवता. तोंडात टाचण्या आणि छातीत श्वास. मी लहानपणी टेबलाखाली बसून मोजायचे. एकदा तेवीसपर्यंत मोजलं होतं. मला वाटायचं, माझे बाबा आता मरणार."

 पोर टेबलाखाली चिंध्यांशी खेळतेय असं मी समजत होतो, आणि ती माझे श्वास मोजत होती. त्या दिवशी ती सांगेल ते केलं.

रोज जायला लागलो. तिचं शिकवणं मला हळूहळू कळायला लागलं ते असं. हातपाय हलवायचे, पण काम सुरू होतं पोटाच्या खोल आतून, बेंबी पाठीच्या कण्याकडे जराशी ओढून. आधी पोटोबा, हे मला ठाऊक होतं, पण माझा अर्थ वेगळा होता. "तुम्ही हाताच्या जोरावर कापता, म्हणून खांदा दुखतो," ती म्हणायची. "मध्य घट्ट असेल तर हात मोकळा राहतो." मग जोर लावताना श्वास सोडायचा, धरायचा नाही. आणि लक्ष जागेवर ठेवायचं. एकदा मी एक पाय मागे आणि विरुद्ध हात पुढे असा चौपायावर असताना निळ्या कोटाच्या अस्तराचा विचार करत होतो, तर लगेच म्हणाली, "बाबा, इथे या. दुकानात नंतर जा." ओळखलं कसं, मला कळलं नाही.

घाई मला फार. दहा म्हटलं की मी वीस करायचो. चौथ्या दिवशी ती चिडली. "चुकीचे वीस नकोत. बरोबर चार द्या."

"चारानं काय होणार?"

"'दहादा कापून एकदा मापण्यापेक्षा दहादा मापून एकदा काप.' कुणी शिकवलं मला?"

 पुढे एकदा हालचाल तुटक होत होती, झटके येत होते, तर म्हणाली, "कातर पूर्ण मिटू द्यायची नाही, बाबा, मिटली की कापडाला दात पडतात. एक काप दुसऱ्यात मिसळू द्यायचा. तसंच हे." माझंच सगळं! एकेक वाक्य माझ्या टेबलावरून उचललेलं. मी समजत होतो की पोरीनं माझा धंदा टाकला. तिनं तो बरोबर नेला होता, कापड तेवढं बदललं होतं. हे कळलं तेव्हा मी चटईवर आडवा होतो, आणि आडव्या माणसाच्या डोळ्यांतलं पाणी कानात जातं, हा एक अनुभव त्या वयात मिळाला.

एका महिन्यानं काही चमत्कार झाला नाही, खोटं कशाला सांगू? कळ होतीच, पण हातात उतरेनाशी झाली. दुसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी रोज दोन तास टेबलाची परवानगी दिली. टेबल तीन इंच उंच केलं, तेही सुईच्या सांगण्यावरून. मी वर्गातही जायला लागलो, सगळ्यांबरोबर. मुख्याध्यापिका बाईंनी एक दिवस काठी दाराशी ठेवली आणि विसरून घरी गेल्या. टॅक्सीवाला दिवसभर बसूनही मान वळवून मागे बघू लागला. दाताच्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "संध्याकाळी घरी जाते तेव्हा मी अजून माणूस असते." बेकरीतल्या आडदांड गड्याला जे जमत नव्हतं ते बाळंतीण करायची, बाळंतिणीला जे करायचं नव्हतं ते मला करायचं होतं, आणि प्रत्येकाला सुई वेगळं सांगायची, त्याच्या मापाचं. तयार कपडे ती विकत नव्हती. पण ही गोष्ट मी कौतुकानं कुणाला बोललो नाही. खाली गिऱ्हाईक विचारायचं, "वर काय आहे?" आणि सवयीनं माझ्या तोंडून निघायचं, "माल."

पाचव्या महिन्यात वाद्यवृंदाचं कापड आलं. काळं, जड, अस्सल. मी नमुन्याचा कोट कापला. श्वास सोडत कापला. कातर अशी चालली की काजवाला काज अर्धं टाकून बघत राहिला. कच्चे टाके पडले, खांदे बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी वाद्यवृंदाचे संचालक येणार होते. आदल्या संध्याकाळी आम्ही नमुना बघायला घेतला. शिलाई मशीनवरच्या दोघा कारागिरांनी मशीन थांबवली. मी कोट अंगात घातला आणि तीन बाजूंच्या आरशासमोर उभा राहिलो.

मिशी नव्हती.

काजवाल्यानं 'आली' म्हणायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. मी कोट झटकला, बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. छातीवर एकसुद्धा घडी नाही.  याचा अर्थ स्वच्छ होता. माझा खांदा पाऊण इंच खाली, आणि त्यावर कोट सपाट बसतोय, म्हणजे कोटाचाही खांदा पाऊण इंच खाली कापला गेलाय. हाताला काप सरळ गेला असं वाटलं, आणि तो उतरता गेला. निळ्या कोटावर निदान मला चूक दिसली होती. आता हात चुकतोय आणि मला ते कळतही नाही.

काजवाल्यानं माझ्या अंगावरून कोट काढून टेबलावर पसरला आणि टेप लावला. "मास्तर, दोन्ही खांदे सारखे आहेत."

"टेप बाजूला ठेव."

"अहो पण बघा तरी..."

"कोट टेबलावर काय बोलतो?"

"खोटं," तो पडेल आवाजात म्हणाला. तीस वर्षं मीच त्याच्याकडून घोकून घेतलं होतं.

मी कातर पुसली, फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळली आणि खालच्या खणात ठेवली. मशीनवरच्या दोघांनी माना खाली घातल्या. मी तोच कोट पुन्हा अंगात चढवला आणि जिना चढलो. कुणाला तरी सांगायला हवं होतं, आणि ती माणसं दोनच होती. त्यातलं एक वर होतं.

वर्ग नुकताच सुटला होता. सुई खिडकी उघडत होती. "सुई," मी म्हणालो, "हात गेला माझा. उद्या संचालकांना सांगतो, दुसरीकडे बघा म्हणून. तू केलंस ते खूप केलंस. तुझा दोष नाही."

"झालं काय?"

"मिशी नाही आली."

 तिचा चेहरा असा झाला की हसावं की रडावं हे तिचं ठरत नव्हतं. तिनं माझ्या गळ्यातला टेप काढून घेतला. "कोट काढा. भिंतीला पाठ लावा. टाचा टेकवा."

"आता माझं माप कशाला?"

"बाबा, टाचा टेकवा म्हटलं ना."

तिनं जमिनीपासून डाव्या खांद्याच्या टोकापर्यंत टेप लावला. मग उजव्या. पुन्हा डाव्या. पुन्हा उजव्या. माझ्याच शिकवणीप्रमाणे. मग जिन्यातून ओरडली, "काका, माझी पहिली मापवही घेऊन वर या!"

काजवाला धापा टाकत आला, त्याच्या मागून ही आली. सुईनं पहिलं पान उघडलं. बारा वर्षांच्या पोरीची गोल अक्षरं, पाऊण, खाली दोन रेघा. "हे तेव्हाचं," ती म्हणाली. "आत्ता पाव इंच आहे."

"शक्य नाही."

"काका, तुम्ही घ्या."

काजवाल्यानं घेतलं. तो माझ्या खांद्याकडे आणि टेपकडे आळीपाळीनं बघत होता. "पाव," तो म्हणाला. "मास्तर, अंगच बदललंय तुमचं! कोट खरं बोलतोय, आणि टेपपण!"

"मला दोन महिने दिसतंय," ही म्हणाली. "यांची पिशवी उजव्या खांद्यावरून घसरायची, ती घसरत नाही आता. म्हटलं, आरशासमोर दिवस काढणाऱ्या माणसाला कळलंच असेल."

नव्हतं कळलं. आरशात मी कोट बघतो, स्वतःला नाही. शहरभराचे खांदे सहा पावलांत ओळखणारा मी, स्वतःचा खांदा अर्धा इंच वर आला तो मला पत्ता नाही. आणि ज्या कोटाला मी चुकलेला म्हणालो तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात सरळ कापलेला कोट होता. मी भिंतीला पाठ लावून तसाच उभा होतो. सुईनं पेन्सिल घेतली आणि जुन्या ओळीखाली लिहिलं, 'बाबा. उजवा खांदा पाव इंच खाली.' अक्षर आता गोल नव्हतं, सरळ होतं. पावखाली तिनं दोन रेघा मारल्या. मला तिचा इतका अभिमान वाटला की छातीत मावेना, आणि मावेना म्हणून मी नेहमीप्रमाणे ओरडलो, "पाव तरी का राहिला?"

"कारण तुम्ही चाराचे वीस करता," ती म्हणाली.

खाली येऊन मी कातर खणातून काढली. काजवाल्याला एकच चिंता लागली होती. "आता कोट बरोबर आहे हे कळायचं कसं, मास्तर? आता तीस वर्षांचं शास्त्र बुडालं!" त्याला म्हटलं, आता टेपवर विश्वास ठेवायला शिकू, उशीर झाला तरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी संचालक आले. उंच, सडपातळ, फार सभ्य माणूस. दारापासून काउंटरपर्यंत सहा पावलं. सहा वर्षांपूर्वीच मापवहीत लिहून ठेवलंय, 'डा. खां. अर्धा वर.' समोरच्या सगळ्या वादकांना हातानं सांभाळणारा माणूस, हात वर धरून धरून खांदाच वर राहिलेला. त्यांनी नमुना हातात घेतला, उजेडात धरला, कॉलर बोटांनी चाचपली. "मास्तर," ते म्हणाले, "ऐकलं होतं की तुमची तब्येत बरी नाही, तुम्ही आता कापत नाही. हा कुणी कापला?"

"मी."

"तुम्हीच?"

"सगळे चोवीस मीच कापणार."

ते खूश झाले. तेवढ्यात वरून सुईचा आवाज आला, "सोडा... हळू..." त्यांनी छताकडे पाहिलं आणि विचारलं, "वर काय आहे हो?"

काजवाला काज करत होता. त्यानं उत्तर पाठ असल्यासारखी मानसुद्धा वर केली नाही.

"वर माझी मुलगी शिकवते," मी म्हणालो. "पिलाटेस. शरीर नीट वापरायचं शिकवते. म्हाताऱ्याला, तरुणाला, बाळंतिणीला, ज्याला त्याला त्याच्या मापानं. आणि साहेब, तुमचा डावा खांदा अर्धा इंच वर आहे."

काजवाल्याच्या हातातली सुई खाली पडली. एकोणचाळीस वर्षांचा नियम मोडल्याचा एवढाच काय तो आवाज झाला. संचालकांनी आरशात पाहिलं, मग माझ्याकडे. रागावले नाहीत. चकित झाले होते. "इतकी वर्षं तुम्ही मला बोलला नाहीत?"

"इतकी वर्षं मला फक्त झाकता येत होतं. पॅड मी आताही घालतो, कोट उत्तम बसेल. पण तुम्ही एकदा वर जाऊन या."

"चांगली शिकवते का?" त्यांनी सहज विचारलं.

मी सुईच्या मापवहीचं पहिलं पान त्यांच्यापुढे उघडून ठेवलं, गळ्यातला टेप काढून त्यांच्या हातात दिला, जाकीट उतरवलं आणि त्यांच्याकडे पाठ करून, टाचा टेकवून उभा राहिलो.

"घ्या माप," मी म्हणालो.